मातृस्तोत्रे आणि आईचा दिवस

मराठी कवितेने आईला जितके आळविले आहे, तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला आळविले असेल. आपल्या बडोद्याचा तर ह्या परंपरेशी निकटचा संबंध आहे. माधव जूलियन ह्यांचा जन्म १८९४ साली येथेच झाला. 'आई' ही कविता लिहिणारे यशवंत ह्या संस्थानाचे राजकवी होते. परंतु दोघांच्याही मातृकवितेत आई नाही, तिचा अभाव आहे. पोरका झालेला जीव तिला हाक मारतो. ती हाक खरी आहे, म्हणूनच ती पिढ्यानपिढ्या मुखोद्गत झाली. मात्र दोन लहान मुले पदराशी असताना ह्या स्त्रीने आपला दिवस कसा काढला, हा प्रश्न त्या कवितेला पडत नाही.

'श्यामची आई' (१९३५) अधिक जवळ जाते. मुलाच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून धोंड्यावर लुगडे पसरणारी आई डोळ्यांपुढे उभी राहते. तथापि साने गुरुजींची प्रत्येक 'रात्र' संस्काराकडे वळते. आश्रमातील सोबत्यांना सांगितलेल्या आठवणी त्या. मुलाने नुसता हट्ट केला आणि आई नुसती थकली, अशी दुपार तेथे सांगण्याजोगी ठरत नाही. लक्ष्मीबाई टिळकांना मात्र ती सांगावीशी वाटते. 'स्मृतिचित्रे'मध्ये (पहिला भाग १९३४) मुलांची आजारपणे, पैशाची ओढाताण आणि पतीचा लहरीपणा एकाच घरात नांदतात, आणि लेखिका स्वतःलाही हसते. त्यागाची भाषा तिला सुचतच नाही.

ह्या सर्वांहून मला जात्यावरची ओवी श्रेष्ठ वाटते. पहाटेचे दळण हे मूल जागे होण्यापूर्वी उरकायचे काम. ते मध्येच उठलेच, तर त्याचे डोके मांडीवर आणि हात खुंट्यावर. एकाच गाण्यात दळण होते, मूल पुन्हा झोपी जाते आणि कोणापाशी न बोललेले मनही मोकळे होते. ह्या ओव्यांत न्हाऊमाखू आहे, तीट आहे, पाळणा आहे, अंगणात रांगणारे बाळ आहे. स्तोत्राला घड्याळ नसते. ओवीला असते, कारण ती रचणारीचे हात कामात गुंतलेले होते. १९४६ साली पतिनिधनानंतर बेळगावात नोकरी करून तीन मुलांना वाढविणाऱ्या इंदिरा संत उत्तरायुष्यात ह्याच ओव्यांकडे वळल्या आणि 'मालनगाथा' सिद्ध झाली, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

पिठाच्या गिरण्या आल्या, जाते कोपऱ्यात गेले. श्रम हलके झाले ह्याचे दुःख कोणी करू नये. परंतु मुलासाठी घरी राहणाऱ्या आईचा (आता क्वचित बापाचाही) दिवस काही संपला नाही. त्याला वाहून नेणारा वाङ्मयप्रकार तेवढा गेला. आमच्या कादंबरीने ती जागा अद्याप पुरती भरलेली नाही.

ह्याचा परिणाम वर्गात दिसतो. 'माझी आई' ह्या निबंधात मुले ममतेचे सागर ओततात, पण "तुझी आई अकरा ते चार काय करते?" असे विचारले की लेखणी थांबते. शाळेच्या प्रवेशपत्रिकेत आईच्या व्यवसायापुढे 'काही नाही' असे लिहिलेले मी अनेकदा वाचले आहे, आणि पुष्कळदा ते अक्षर त्या आईचेच असते. पाठ्यपुस्तकांतील मातृस्तोत्रे काढावीत असे माझे म्हणणे नाही. त्यांच्या शेजारी चार ओव्या आणि लक्ष्मीबाईंचे एखादे पान असावे. आणि निबंधाचा विषय एखाद्या वर्षी 'आमच्या घरातील दुपार' असा द्यावा.