डार्क नाइट रिटर्न्स, द
फ्रँक मिलर या अमेरिकन चित्रकथाकाराची चार भागांतील चित्रकथा (१९८६). बॉब केन व बिल फिंगर यांनी १९३९ मध्ये निर्मिलेल्या बॅटमॅनला १९६६–६८ मधील दूरचित्रवाणी-मालिकेने जवळजवळ विदूषकी रूप दिले होते. मिलरचा नायक ५५ वर्षांचा, दहा वर्षे निवृत्त आहे. तरुण टोळीप्रमुखाशी झालेल्या पहिल्या झुंजीत तो मार खातो आणि वार्धक्य हाच त्याचा खरा प्रतिस्पर्धी असल्याचे उमगते. त्याच्या मदतीस येते ती तेरा वर्षांची कॅरी केली, हे विशेष. पानोपानी पेरलेल्या दूरचित्रवाणी-चौकटींतील तज्ञांच्या बडबडीचा उपहास मार्मिक आहे; परंतु मनोविकारतज्ञ निव्वळ हास्यास्पद रंगविल्याने नायकाच्या हिंसेवरील गंभीर आक्षेप अनुत्तरितच राहतो. बॅटमॅन : यिअर वन (१९८७) मध्ये मिलरने पोलीस अधिकारी गॉर्डनच्या स्खलनशीलतेला अधिक समजुतीने न्याय दिला.