अनेक नुस्खे, एकच चूक : मेंदूच्या अ‍ॅटलासविषयी काही विचार

जाँ तालॅराक व पिएर तुर्नू यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला मेंदूचा अ‍ॅटलास साठ वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूवर आधारलेला होता. तोही प्रामुख्याने उजव्या गोलार्धावर. असे असूनही पुढे कित्येक वर्षे जगभरच्या संशोधकांनी आपापल्या स्कॅनमधील ठिकाणे त्याच्याच मापांत सांगितली.

संगणकाद्वारे मेंदूचे भाग वेगळे करण्याची रीत समजण्यास कठीण नाही. तज्ज्ञाने हाताने रेखाटलेला अ‍ॅटलास ताणून, दाबून नव्या स्कॅनवर बसवायचा आणि त्यावरील नावे खालच्या भागांना द्यायची. अर्थात, मूळ नमुना व रुग्णाचा मेंदू यांत जितके अंतर, तितकी चुकीची शक्यता अधिक.

एका मेंदूवर विसंबणे धोक्याचे, म्हणून मॉन्ट्रियलच्या संस्थेने ३०५ स्कॅनची सरासरी काढली. त्यांत पुरुषांचे प्रमाण बरेच जास्त होते आणि बहुतेक तरुण होते. शिवाय सरासरीत वळ्या पुसट होतात. यावर उपाय म्हणून अनेक अ‍ॅटलास स्वतंत्रपणे बसवून प्रत्येक बिंदूवर बहुमत घेण्याची पद्धत आली.

येथे भाषेच्या अभ्यासकास आपला विषय आठवतो. (उर्दूत हस्तलिखित प्रतीला आणि हकिमाच्या चिठ्ठीला एकच शब्द आहे, नुस्खा!) पाठचिकित्सेत प्रती मोजून भागत नाही, त्यांचे घराणे पाहावे लागते. एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या दहा नुस्ख्यांत एकच चूक असेल, तर त्या दहांचे मत एकच धरावयाचे. अ‍ॅटलासच्या बहुमतालाही हाच आक्षेप लागू होतो. २००४ मधील ‘स्टेपल’ या पद्धतीने प्रत्येक मताची विश्वासार्हता अजमावण्याचा चांगला प्रयत्न केला. परंतु ती अजमावली जाते मतांच्या परस्पर मेळावरूनच. सर्वांची चूक समान असल्यास ती तेथेही विश्वासार्हच ठरते.

हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये शंभर निरोगी भारतीय तरुण-तरुणींच्या स्कॅनवरून नमुना तयार केला. पाश्चात्त्य व चिनी नमुन्यांच्या तुलनेत त्याची लांबी, रुंदी आणि उंची कमी आढळली. हे काम निःसंशय मोलाचे आहे. मात्र केवळ ‘भारतीय’ म्हणून त्यावर समाधान मानणे मला पटत नाही. स्मृतिभ्रंशाच्या शंकेने स्कॅनसाठी येतात ते बहुधा वृद्ध. त्यांच्या मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या रुंदावलेल्या, हिप्पोकॅम्पस आक्रसलेला. रोगाचा अंदाज ज्या आक्रसण्यावरून करावयाचा, त्याचेच माप तरुण मेंदूच्या नमुन्याने चुकण्याचा संभव अधिक.

आता न्यूरल नेटवर्क आल्याने अ‍ॅटलासची गरज संपली, असे काही उत्साही मंडळी म्हणतात. २०२० च्या ‘फास्टसर्फर’चे उदाहरण घ्यावे. कित्येक तासांचे काम ते मिनिटांत करते हे खरे; पण त्याला शिकवण्यासाठी वापरलेल्या खुणा ‘फ्रीसर्फर’ या जुन्या, अ‍ॅटलासवर चालणाऱ्या प्रणालीनेच केलेल्या होत्या. म्हणजे नक्कलनवीस बदलला, मूळ प्रत तीच राहिली.