‘तुंबाड’ आणि आमची अभिरुची

भयकथा म्हटली की आम्हां अध्यापकांच्या भुवया वर चढतात. नारायण धारपांची (१९२५–२००८) पुस्तके वाचनालयांतून हातोहात झिजली. आम्ही मात्र त्यांस वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेरच ठेविले. त्यांच्या कथांवरून स्फुरलेला, राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ हा चित्रपट २०१८ साली व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक-सप्ताहाच्या आरंभी दाखविला गेला. आम्ही तो २०२४ च्या पुनःप्रदर्शनात पनवेलीस पाहिला. हस्तर या राक्षसाहूनही भयंकर वाटला तो सोने चोरण्याची विद्या मुलास शिकविणारा बाप! लोभाचा वारसा इतक्या निष्ठुरपणे दाखविणारी कलाकृती हीन कशी म्हणावी? कोकणच्या वाड्यातील माणसे हिंदी बोलतात, हे खटकते खरे. परंतु तक्रारीचा अधिकार आम्हांस कितपत? घरची कथा आम्हीच दाराबाहेर ठेविली. हिंदीने तिला आसरा दिला.