वस्त्राचे गोंडे : मत्तयाच्या शुभवर्तमानाचे एक वाचन

मत्तयाच्या शुभवर्तमानातील तेविसावा अध्याय हा नव्या करारातील अत्यंत कठोर गद्याचा नमुना होय. शास्त्री व परूशी यांच्यावर तेथे जे शब्दप्रहार आहेत, त्यांमुळे युरोपीय भाषांत ‘परूशी’ हा दांभिकाचा पर्यायच होऊन बसला. एका नव्या धर्माने जुन्या धर्माचा केलेला धिक्कार, असेच या अध्यायाचे वाचन बहुधा होत आले. संहिता मात्र वेगळे सांगते.

परूशी आपल्या वस्त्रांचे गोंडे लांब करतात, हा येथील एक आरोप. मूळ ग्रीक शब्द ‘क्रास्पेदोन’. वस्त्राच्या टोकांना गोंडे लावण्याची आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात, ‘गणना’च्या पंधराव्या अध्यायात आहे आणि तिच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही हाच शब्द येतो. मूळच्या कोकणातल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाच्या प्रार्थनेच्या शालीलाही असे गोंडे असतात. आता मत्तयाचाच नववा अध्याय पाहावा. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री मागून येऊन येशूच्या वस्त्राच्या ‘क्रास्पेदोन’ला शिवते. मार्काने हा प्रसंग सांगताना नुसत्या वस्त्राचा उल्लेख केला आहे; मार्काच्या आधारे लिहिणाऱ्या मत्तयाने (बहुसंख्य अभ्यासकांचे मत असेच आहे) तेथे गोंडा आणला. लांब गोंड्यांवर टीका करणाऱ्याच्या वस्त्रालाही गोंडे आहेत! वाद गोंड्यांचा नाही, त्यांच्या लांबीचा आहे. पुदिना, शेपू, जिरे यांचा दशमांश देणाऱ्यांनाही तो देणे सोडा असे सांगितलेले नाही. न्याय आणि दया विसरू नका, एवढेच सांगितले आहे.

ही भाऊबंदकीची भाषा आहे. आमोस आणि यशया यांनी स्वजनांना याहून सौम्य शब्दांत सुनावले नव्हते. 1947 पासून कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांतही यहुद्यांनीच प्रतिस्पर्धी यहुद्यांची केलेली जळजळीत निंदा आढळते. इ. स. 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्यावर इस्राएलचा वारसा कोणाचा, हा प्रश्न तीव्र झाला. मत्तयाचे लेखन सामान्यतः त्यानंतरच्या दशकांतले मानले जाते. गेझा वेर्मेश (1973) आणि ई. पी. सँडर्स (1977) यांच्या ग्रंथांनी हा संदर्भ अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणला.

तथापि संदर्भाने सारे क्षम्य ठरते असे मानणे भाबडेपणाचे होईल. घरातले भांडण परक्यांच्या हाती पडले, की त्याचे आरोपपत्र होते. सत्ताविसाव्या अध्यायातील जमावाच्या उद्गाराचे तसेच झाले. तो शतकानुशतके संपूर्ण यहुदी समाजाविरुद्ध वापरला गेला. येशूच्या मृत्यूचा दोष सर्व यहुद्यांवर लादता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला 1965 मध्ये स्पष्टपणे सांगावे लागले.

मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण आहे. ग्रीक ‘ग्रामातेउस’साठी मराठी बायबलमध्ये ‘शास्त्री’ हा शब्द रूढ आहे. तो वाचताच संस्कृत पाठशाळा आणि एकोणिसाव्या शतकातले सुधारणेचे वाद मनात उभे राहतात, आणि येशू अकारण सुधारकांच्या पंक्तीत जाऊन बसतो. शिवाय मत्तयाच्या तेराव्या अध्यायात हाच शब्द गौरवाने येतो : स्वर्गाच्या राज्याचा शिष्य झालेला शास्त्री आपल्या भांडारातून नवे आणि जुने दोन्ही बाहेर काढणाऱ्या गृहस्थासारखा असतो, असे तेथे म्हटले आहे. या शास्त्र्यात शुभवर्तमानकर्त्याने स्वतःचेच चित्र रेखाटले असावे, असे काही अभ्यासक मानतात.