बोधचिन्ह आणि फेरफार

निर्मात्याचे बोधचिन्ह आणि वितरकाचे बोधचिन्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रभातची तुतारी वाजवणारी स्त्री ‘हा चित्रपट आम्ही घडवला’ असे सांगते. वितरकाचे चिन्ह ‘सध्या हा आमच्या ताब्यात आहे’ एवढेच सांगते. हा फरक पुसला गेला की काय होते, ते अमेरिकेतील असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्स, म्हणजे ए.ए.पी., या वितरक कंपनीच्या कामात स्पष्ट दिसते.

१९५६ साली ए.ए.पी.ने वॉर्नर ब्रदर्सचा १९५० पूर्वीचा संग्रह सुमारे २ कोटी १० लाख डॉलरना दूरचित्रवाणीसाठी विकत घेतला. त्याच सुमारास पॅरामाउंटकडून ‘पॉपाय’ची कार्टूनेही घेतली. चिन्ह दोन्हींवर लागले, पण रीत निराळी. वॉर्नरच्या कार्टूनांत आधी ए.ए.पी.ची पाटी येते आणि तिच्यामागून वॉर्नरची ढाल येते. ‘पॉपाय’मध्ये मात्र पॅरामाउंटचा डोंगर कापून त्या जागी ए.ए.पी.ची पाटी जोडलेली आहे. ‘बेटी बूप’चे लघुपट यू.एम. अँड एम. या दुसऱ्या वितरकाकडे गेले. तिथेही पॅरामाउंटचे नाव असेच हटवले गेले.

या कापाकापीची झळ मोठ्या कंपनीला नव्हे, कलावंताला लागते. ‘पॉपाय’ आणि ‘बेटी बूप’ पडद्यावर आणणारे मॅक्स फ्लायशर १९५०च्या दशकात आपले नाव वगळल्याच्या तक्रारीवरून न्यायालयात गेले. ज्याचा स्टुडिओ आधीच हातचा गेला होता, त्याच्याजवळ नावाखेरीज उरले होते काय?

मी चित्रपटशास्त्र कुठे रीतसर शिकलेलो नाही. मला सातबारा कळतो. जमीन विकली गेली की फेरफार नोंदवला जातो, जुन्या मालकाच्या नावाला कंस होतो. पण कंसातले नाव वाचता येते. वॉर्नरच्या कार्टूनांवर ए.ए.पी.ने असा कंस केला. ‘पॉपाय’चा उताराच बदलला.

पुढे ए.ए.पी.चा संग्रह युनायटेड आर्टिस्ट्सकडे, मग टर्नरकडे आणि अखेर वॉर्नरकडे आला. २००७ साली वॉर्नरने ‘पॉपाय’ डीव्हीडीवर आणताना पॅरामाउंटची मूळ शीर्षके परत जोडली. हे योग्यच झाले. पण वितरकांच्या पाट्या म्हणजे निव्वळ घाण, त्या फेकून द्याव्यात, हे काही रसिकांचे मत मला पटत नाही. ती पाटी पाहूनच कळते की हातातली प्रत चित्रपटगृहाची नाही, दूरचित्रवाणीसाठी नंतर काढलेली आहे. कोणी कापले आणि केव्हा, याचा तो पुरावा आहे.

प्रेक्षकाला मूळ शीर्षक मिळाले पाहिजे, आणि संग्रहालयात फेरफाराची नोंदही राहिली पाहिजे. मालक बदलतात, घडवणाऱ्याचे नाव बदलू नये.