नावांचे भाषांतर

भाषांतराचे मूल्यमापन करताना आपण सहसा दोन प्रश्न विचारतो : मुळाशी निष्ठा किती आणि वाचनीयता किती? नामशेष झालेल्या ज्यू वस्त्यांच्या इतिहासांपुढे मात्र तिसरा प्रश्न उभा राहतो : पूर्वजांचा शोध घेणाऱ्या वाचकाला या अनुवादात आपले घराणे सापडेल काय?

दुसऱ्या महायुद्धातील संहारात पूर्व युरोपातील असंख्य ज्यू वस्त्या नाहीशा झाल्या. त्यांतून वाचलेल्यांनी व आधीच परदेशी गेलेल्या गावकऱ्यांनी आपापल्या गावाचे स्मृतिग्रंथ सिद्ध केले. 'यिझकोर' ग्रंथ म्हणून ते ओळखले जातात. बहुतेक ग्रंथ हिब्रू व यिडिश भाषांत आहेत; वंशजांपैकी अनेकांना त्या भाषा येत नाहीत. म्हणून १९९४ साली 'ज्यूइशजेन' या वंशशोधक संस्थेच्या स्वयंसेवकांनी त्यांच्या इंग्रजी अनुवादाचे काम हाती घेतले.

या ग्रंथांत आठवणी असतात, शाळा-बाजाराची वर्णने असतात आणि अखेरीस मृतांच्या लांबच लांब याद्या असतात. रसाळपणाच्या मोहात पडलेला अनुवादक या याद्या परिशिष्टवजा समजून आटोपत्या घेतो. वस्तुतः वंशशोधकाच्या दृष्टीने तोच ग्रंथाचा गाभा होय. आपल्याकडेही कुलवृत्तान्त हाती पडताच वाचक प्रस्तावना ओलांडून आधी आपल्या शाखेचे पान उघडतो. यादीत पुष्कळदा पुरुषाच्या नावापुढे 'पत्नी व मुले' एवढेच असते. ती रिकामी जागा तर्काने न भरता तशीच ठेवणे, हीदेखील निष्ठाच.

अडचण लिपीपासूनच सुरू होते. नित्याच्या हिब्रू लेखनात बहुतेक स्वर गाळले जातात. प आणि फ यांना एकच अक्षर असते. ड-द, ण-न, ळ-ल हे आपले भेद तेथे उमटत नाहीत. याचा अर्थ कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या उदाहरणाने नीट कळतो. या समाजाची मायबोली मराठी. तेलघाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून ते 'शनवार तेली'. पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडली. त्यांचा इतिहास हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली इंग्रजीत लिहिला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. लेखकाच्या आडनावातच अलिबागजवळचे किहीम आहे. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला आणि तेथे वाढलेल्या पिढ्यांची भाषा हिब्रू झाली. आता 'पेणकर' हे नाव स्वरांविना त्या लिपीत लिहिले, तर उरतात प, न, क, र. कोकण न जाणणारा अनुवादक त्याचे सहज 'पिंकर' करील, आणि ते युरोपीय ज्यूंचे आडनाव आहे. एका स्वरासरशी कुटुंब पेणहून युरोपात जाऊन बसते!

हा केवळ शुद्धलेखनाचा वाद नव्हे. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहप्रसंगी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. समाजाच्या लढ्यानंतर १९६४ साली तो बदलण्यात आला. अशा वेळी आजीचे माहेर कोणते, हा प्रश्न नातीच्या लग्नाचा होतो.

पेडणे-डिचोलीच्या जुन्या घराण्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे महाल पोर्तुगीजांच्या नव्या काबिजादीत आले आणि त्यांच्या दप्तरात पेडण्याचे 'पेर्नेम', डिचोलीचे 'बिचोलिम' झाले. तालुक्यांची रूपे आपण ओळखतो. वाड्यांची, वांगडांची आणि आडनावांची ओळख कोण पटवणार? अनुवादकाने दप्तरी रूप तेवढे ठेवले, तर वाचकाला आपला वाडा सापडत नाही. स्थानिक रूप तेवढे दिले, तर त्याला मूळ कागदाकडे परतता येत नाही.

म्हणून अशा अनुवादात मूळ अक्षरे, अनुवादकाने केलेले वाचन आणि स्थानिक रूप ही तिन्ही द्यावीत. शंका असेल तेथे ती नोंदवावी. आठवणींच्या प्रकरणांत भाषेचे सौष्ठव अवश्य सांभाळावे. नावांच्या यादीत मात्र लय मोडली तरी चालेल. तेथे अक्षर चुकले, तर त्या माणसाची उरलेली एकमेव खूणही पुसली जाते.