मानवत : कबुलीच्या पलीकडे

जांब समर्थहून पाथरीमार्गे परभणीला निघाले की वाटेत मानवत लागते. या गावाच्या नावाला ‘हत्याकांड’ हा शब्द चिकटला त्याला पन्नास वर्षे उलटली. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात येथे दहा खून झाले. बळी गेल्या त्या सगळ्या बायका आणि मुली. एक तर दीड वर्षाची. पिंपळावरच्या मुंजाला कुमारिकेचे रक्त वाहून गुप्तधन मिळवायचे, हा त्यामागचा हेतू असल्याचे सरकार पक्षाने मांडले.

आशिष बेंडे दिग्दर्शित ‘मानवत मर्डर्स’ (२०२४) ही मालिका तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकावर बेतलेली आहे. आशुतोष गोवारीकरांनी कुलकर्णी संयमाने उभे केले आहेत. तरीही तपासकथेची एक मर्यादा असते. आरोपीने कबुली दिली की कोडे सुटले, असे तिथे वाटते. न्यायालयात मात्र खरे प्रश्न कबुलीपासूनच सुरू होतात.

‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल १९७७ मधील निकाल याच खटल्याचा. न्या. यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालात माफीच्या साक्षीदाराकडे कसे पाहावे, याची चर्चा आहे. असा साक्षीदार स्वतः गुन्ह्यात सामील असतो. म्हणून त्याच्या शब्दाला स्वतंत्र पुराव्याची जोड हवी. कबुलीजबाब नोंदवताना दंडाधिकाऱ्यांनी पाळायची काळजी आणि कोठडीत बळ वापरण्याचा पोलिसांना होणारा मोह, यांवरही न्यायालयाने कठोर शब्दांत लिहिले. काहींच्या शिक्षा टिकल्या. पण ज्यांच्याभोवती सारी कथा फिरते, ते दोन प्रमुख आरोपी अपिलात सुटले.

लोकांच्या बोलण्यात मात्र ते अजून सुटलेले नाहीत. मुंजा, रक्त, गुप्तधन एवढ्यावर गोष्ट रंगते आणि निकालाला एक ओळ मिळते. नरबळीच्या प्रथेविरुद्धचा कायदा व्हायला २०१३ साल उजाडले, तेही दाभोलकरांच्या खुनानंतर. हा धागाही अशा गोष्टीत क्वचितच येतो.

दहा जीव गेले, तरी दोष पुराव्यानेच सिद्ध व्हावा, असा आग्रह न्यायालयाने धरला. तो मृतांच्या घरच्यांना किती जड गेला असेल, हेही सांगायला हवे. या दोन्ही गोष्टी एकत्र पेलणारे पुस्तक मानवतवर मराठीत यायला हवे.